बिनआवतनाचा पोळा

जावयानं बिनबोलावता सासुरवाडीला जाऊ नये. हे कुणी शिकवावं लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. तरी मी गेलो. वर दोन नातवंडं बरोबर घेऊन गेलो.

माझी सासुरवाडी फोपनारची. जिल्हा बुऱ्हाणपूर, म्हणजे सरकारी हिशेबानं मध्य प्रदेश, पण घरात मराठी बोलतात आणि बाजारात हिंदी. आमची इंदू तिथली. ती होती तोवर आवतनाचा प्रश्न नव्हता. आवतन म्हणजे जेवायला यायचं बोलावणं. ती म्हणायची, "माहेराला कसलं आवतन? गाय संध्याकाळी घरी येते, तिला कोण बोलावायला जातं?" पिशवी भरायची आणि निघायची. मी तिच्या मागं.

ती माघात गेली. आता ते घर तिच्या धाकट्या भावाचं, नामदेवचं. दिवसकार्य झाल्यावर त्याचा फोन एकदोनदा आला, मग आला नाही. मीही केला नाही. बायको गेल्यावर सासुरवाडी कसली, असं मीच मनाशी धरून बसलो होतो.

गेलो ते इंदूनं पोरांना शब्द दिला होता म्हणून. मनवा पहिलीत आहे, ईशान बालवाडीत. दोघं नाशकातच वाढली. मनवाच्या पुस्तकात बैलाचं चित्र होतं, खाली लिहिलेलं की बैल शेतकऱ्याचा मित्र. मनवानं विचारलं, "आजी, मित्र म्हणजे ते खेळतात का दोघं?" इंदू हसून हसून पलंगावर आडवी झाली. म्हणाली, "पोळ्याला चल माझ्या माहेरी, दाखवते काय खेळतात ते." पोळा यायच्या आधी तीच गेली. श्रावण लागल्यापासून मनवा मला विचारत होती, "आबा, आजी नाही तर पोळा कॅन्सल का?"

मुलगा म्हणाला, निदान फोन करून जा. नाही केला. फोन केला असता तर नामदेव "या" म्हणालाच असता. तोंडदेखलं 'या' कुणीही म्हणतं. मला ते ऐकायचं नव्हतं. दार उघडताना त्यांची तोंडं कशी होतात ते बघायचं होतं.

एक सांगून ठेवतो. मी गवंडी माणूस, शाळा चौथीपर्यंत. विटा-सिमेंट कळतं, ढोरांतलं काही कळत नाही. इंदू म्हणायची, "तुमची न् ढोरांची सोयरीक जमायची नाही. तुम्ही आपले भिंतीशी बोला." तेव्हा हे भिंतीशी बोलणाऱ्याचं प्रवासवर्णन आहे. गोड मानून घ्या.

बुऱ्हाणपूर

सकाळी स्टेशनात उतरलो. तुम्ही कधी गेलात तर आधी मावा जिलबी खा. आपल्याकडची जिलबी पातळ, नारंगी, कुरकुरीत. ही जाडजूड, काळपट तपकिरी, आतून मऊ. एक खाल्ली की दुपारपर्यंत पोट बोलत नाही. इंदूचा नियम होता, आधी जिलबी, मग माहेर. मी सवयीनं आमच्या दोघांच्या मापानं मागितली, पोरांची वेगळी. तिच्या वाटणीची पानात तशीच उरली. ईशाननं ती खाल्ली आणि पाकाचे हात माझ्या पायजम्याला पुसले.

ऑटोवाला जवान होता. गाणं मोठ्यानं लावलेलं. म्हणाला, "फोपनारले? पोळ्याले चाल्ले का बाबा? कोणाकडं?"

"सासुरवाडी आहे."

"अरे वा, जावईबापू! मग तं आज मजा आहे तुमची. आई मागून येऊन राहिल्या का?"

मी काही बोलायच्या आत मनवा म्हणाली, "आजी वारली."

त्यानं गाणं बंद केलं.  मग दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. इतकी केळी पोरांनी बघितली नव्हती. रस्त्याच्या कडेपर्यंत पानं आलेली, घडांना पिशव्या घातलेल्या. ईशान म्हणाला, "आबा, केळ्यांनी रेनकोट घातलाय." ऑटोवाला हसला, आणि तेव्हा कुठं त्यानं परत गाणं लावलं, पण हळू.

फोपनार, खांदमळणीची संध्याकाळ

दारात पोचलो तेव्हा नामदेवची बायको सिंधू गोठ्यातून शेणाचं टोपलं घेऊन येत होती. मला बघून जागेवर थांबली.

"दाजी? असे अचानक? फोन तं करायचा ना!"

हे वाक्य मी दिवसभर तोंडात घोळवलं. आनंदानं म्हणाली की अडचणीनं, काही उलगडेना. तिनं टोपलं खाली ठेवलं, हात धुतले, पोरांचे पापे घेतले, पाणी दिलं, चहा टाकला. सगळं रीतीप्रमाणं. पण रीत तर ती ऑटोवाल्याशीही पाळते. त्यालाही चहा पाजला.

नामदेव बागेतून आला. "आले का," एवढंच म्हणाला. आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं, ऑटोकडं गेली. बहीण उतरते आहे का ते बघायला. सवय. लगेच त्याच्या ध्यानात आलं आणि तो पायातला चिखल काढत बसला. चिखल फारसा नव्हता.

पोरांना गोठ्यात नेलं. तिथं चंद्री नावाची गाय, तिचं वासरू, आणि पलीकडं हरण्या बैल. आत पाय टाकताच ईशाननं नाक धरलं.

"शी! किती घाण वास!"

"घाण?" सिंधू म्हणाली. "बाळा, हे रोज तुझ्या पोटात जाते."

"नाही जात!"

"जाते. शेणाचं खत होते, खत केळीले टाकतो, केळं तू खातो. झालं का नाही?"

ईशाननं जरा विचार केला आणि पुढचे दोन्ही दिवस केळ्याला हात लावला नाही. केळीच्या मुलखात जाऊन उपाशी. काय बोलावं.

चंद्री रवंथ करत बसली होती. मनवा म्हणाली, "मामाआबा, तिच्या तोंडात चुइंगम आहे." नामदेवनं समजावलं की ती आधी घाईघाईत गिळते आणि निवांत झाली की परत तोंडात आणून चावते. मनवा म्हणाली, "आई मला रागावते असं केल्यावर." सिंधूनं धार काढली. फेसाळ दूध पेल्यात दिलं. ईशान पेला दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "गॅस न लावता गरम कसं?" ते काही त्याला पटेना. शेवटी चंद्रीच्या पोटाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "आत गिझर आहे." चंद्रीनं मान वळवून त्याचा दंड चाटला. तो किंचाळला. मग दुसरा दंड पुढं केला. गाईची जीभ मीही त्या दिवशी पहिल्यांदा हातावर घेतली. पॉलिशपेपरासारखी खरखरीत असते. एवढी वर्षं सासुरवाडीला आलो आणि गोठ्यात कधी शिरलो नाही. ते खातं इंदूचं होतं.

हरण्याच्या शेजारी एक खुंटा मोकळा होता. दावं तसंच बांधलेलं.

"इथं कोण असतं?" मनवानं विचारलं.

"पाखऱ्या होता," नामदेव म्हणाला. "ह्याचा जोडीदार. उन्हाळ्यात लम्पीच्या रोगानं गेला."

"मग दुसरा आणा ना."

"ट्रॅक्टर आहे, बेटा. आता कोण बैल घेते? पावसात काळ्या मातीत ट्रॅक्टर फसते, तेव्हा कपाशीतलं तण काढाले जोडीच लागे. औंदा शेजारच्या भिकाकाकाची मागून आणली. हा हरण्या गेला की आमच्या दारातले बैल संपले."

दावणीवरून सोडून त्यानं हरण्याला हौदावर पाण्याला नेलं. आम्ही मागं. गल्ली रुंद, रस्ता रिकामा, पण हरण्या डावीकडच्या भिंतीला अंग घासत चालला होता. भिंतीचा गिलावा निघून त्याच्या कुशीला लागत होता. कच्चा गिलावा, वाळू जास्त, ते मला लगेच दिसलं. मी म्हणालो, "मधून चालव की त्याला."

"नाही चालत दाजी. तो डाव्या हाताचा बैल. उजवीकडं पाखऱ्या राहे. अजून त्याची जागा सोडून चालते."

 मीही घरी पलंगाच्या कडेलाच झोपतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिकडं खांदमळणी करतात. जू ठेवून ठेवून बैलाच्या मानेशी घट्टा पडतो. त्याला गरम पाण्यानं शेकतात आणि तूप-हळद चोळतात. नामदेव चोळत होता. मनवा लांबून बघत बघत कधी जवळ आली कळलं नाही. नामदेवनं तिचा हात धरून घट्ट्यावर ठेवला.

"हे काय आहे? दगड आहे?"

"काम आहे," नामदेव म्हणाला. "हे तुझ्या ह्या आबांच्याही खांद्यावर असेल. विटा वाहिल्या ना त्यांनी."

तिनं खरंच येऊन माझ्या शर्टाच्या गळ्यातून हात घालून बघितलं. होता. आता मऊ पडलाय, पण आहे.

मग कानात सांगायची वेळ आली. खांदे मळून झाले की घरातलं कुणीतरी बैलाच्या कानात म्हणतं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. त्या घरात ते इंदू म्हणायची. लग्नाआधी म्हणायची, लग्नानंतर जेव्हा जेव्हा पोळ्याला आली तेव्हाही म्हणायची. सगळे जरा थांबले. सिंधू म्हणाली, "दाजी, तुम्ही सांगा."

"मला बिनआवतनाच्याला कशाला सांगता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

 नामदेव खाली बघून तुपाची वाटी पुसत बसला. मी बोललो ते बरं नाही केलं, पण बोललेलं परत गिळायला मी काही चंद्री नाही.

शेवटी मनवा चौरंगावर चढली. हरण्याचा कान दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." हरण्यानं कान झटकला, तिला गुदगुल्या झाल्या. लगेच ईशानही चंद्रीला सांगून आला. मग वासराला. मग दारातल्या मांजरीला.

"अरे, सांभाळून!" सिंधू हसत होती. "आवतन एकदा दिलं की परत घेता येत नाही, बरं का!"

रात्री ज्वारीची भाकरी आणि शेवेची भाजी. तिखट असं की ईशान पाणी पिऊन पिऊनच झोपला. मी जेवलो, पण घास मोजूनमापून. बिनबोलावता आलेल्या माणसानं किती खावं याचा काही नेम नसतो.

पोळा

सकाळी पोरं दिसेनात. मी गोठ्यात बघितलं, हौदावर बघितलं. सुनेला काय सांगू? तेवढ्यात गल्लीच्या टोकाला दोघं दिसली. मनवा एका परक्या दारात म्हशीच्या कानाला लागलेली होती, ईशान तिचं शेपूट धरून उभा. ज्या म्हशीपासून मी चार हात लांब राहतो, तिच्या कानात माझी नात बोलत होती.

"काय चाललंय?"

"सगळ्यांना सांगून झालं आबा," मनवा म्हणाली. "फक्त तो मोठा सांड राहिलाय. तो पळतो."

अख्ख्या गल्लीत जेवढी ढोरं होती, तेवढ्यांना नामदेवच्या घरचं आवतन गेलं होतं. मालकांनी कौतुकानं पोरांना दारात उभं केलं, गूळ दिला आणि आवतन पक्कं करून घेतलं. शेजारचे भिकाकाका, नामदेवच्या वडिलांच्या वयाचे, तोंडात एक दात, ओट्यावरून ओरडले, "नामदेवा! आमची दोन्ही बैलं येऊन राहिली जेवाले! सकाळपासून उपाशी ठेवली त्याहिले!"

सिंधू खापरावर मांडे करत होती. मांडे म्हणजे त्या मुलखातली पुरणपोळी, पण आपल्या पोळीसारखी लाटण्यानं लाटत नाहीत. हातावर झेलून झेलून टॉवेलाएवढी करतात आणि उलट्या खापरावर टाकतात. फार कष्टाचं काम. भिकाकाकांची आरोळी ऐकून तिनं कपाळावर हात मारला. पीठ कपाळाला लागलं.

"घ्या! आता अख्खं गाव जेवते माझ्या दारी!"

"नाही म्हणून सांगतो की," मी म्हणालो. "पोरांचा पोरखेळ."

"काहून नाही म्हणता? तुमच्याकडं नाही म्हणत असतील." ती तरातरा उठली आणि आणखी डाळ शिजत घातली.

दुपारी बैल सजले. गल्लीभर शिंगांना रंग, बाशिंगं, झुली, घुंगरांचा नुसता गजर. पोरांनी हरण्याची शिंगं रंगवली, एक हिरवं, एक गुलाबी. गुलाबी थोडं ईशानच्या केसांतही गेलं. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखालून सगळ्या जोड्या नेतात. जोड्या निघाल्या. हरण्या खुंट्यालाच.

"हा का नाही जात?" मनवा म्हणाली.

"एकला बैल तोरणात बरा नाही दिसत, बेटा," नामदेव म्हणाला. "जोडी शोभते."

माझं डोकं फिरलं. "एकटा झाला म्हणजे काय अपशकुनी झाला का रे? त्यानं मारलं पाखऱ्याला?"

"तसं नाही ना दाजी..."

"तसंच आहे."

नामदेवचा चेहरा पडला. बैलाबद्दल बोलतोय की आणखी कशाबद्दल, ते त्याला कळलं, मलाही कळलं. मनवाला आमच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "आबा जातील ना त्याच्या उजवीकडून. आबांना पण कुणी नाहीये."

सिंधू दारात आली होती. ती नामदेवला म्हणाली, "सोडा त्याले."

तर मी गेलो. हरण्याच्या उजव्या अंगाला, पाखऱ्याच्या जागी. कासरा नामदेवच्या हातात, पोरं पुढं. सुरुवातीला त्यानं मला शिंगानं जरा ढोसलं, हा कोण म्हणून. मग चालू लागला. तोरणापाशी पोचेपर्यंत त्याचं अंग माझ्या दंडाला लागलं होतं. गरम अंग, आणि श्वासाचा भाता. इतक्या जवळून कुणाचा श्वास मी माघापासून ऐकला नव्हता. तो भिंत सोडून रस्त्याच्या मधून चालत होता. हे मी नाही, नामदेवनं बघितलं आणि मला खुणेनं दाखवलं.

वेशीत भिकाकाका उभे. मोठ्यानं म्हणाले, "नामदेवा, नवा बैल नाशिकहून आणला का?"

लोक हसले.

"दात पाहून घेतला का रे? वय झालेलं दिसते!"

मी म्हणालो, "दात कसले बघता, काका? कवळी आहे."

मग जे हसले सगळे! भिकाकाकांचा एकुलता दात लांबून दिसत होता. मीही हसलो. हसून झाल्यावर सवयीनं बाजूला वळलो, घरी गेल्यावर हे इंदूला सांगायचं म्हणून. बाजूला बैल होता.

संध्याकाळी दारात गर्दी. भिकाकाकांची जोडी, पलीकडची म्हैस, दोन गाई, वासरं, आणि ज्याला आवतन नव्हतं तो सांडही आला. त्याला बघून मनवा म्हणाली, "ह्याला मी सांगितलं नव्हतं." सिंधू म्हणाली, "मग काय हाकलू? दारी आला तं जेवते." तिनं मांडा मोडून त्याच्यापुढं धरला. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, पण मी तिच्याकडं बघितलं.

मांडे सगळे ढोरांत संपले. माणसांनी खिचडी खाल्ली. सणाच्या दिवशी खिचडी! मी पोटभर खाल्ली, दुसऱ्यांदा मागून घेतली.

निघताना

तिसऱ्या दिवशी तोच ऑटोवाला आला. सिंधूनं केळ्यांची फणी बांधून दिली, ईशाननं तोंड वाकडं केलं. टॉवेल-टोपी झाली. पोरांनी हरण्याच्या गळ्यात पडून घेतलं. मनवानं त्याला सांगितलं, "तू मित्र आहेस, पण खेळत नाहीस. चालतं."

मी ऑटोत बसलो. परत या असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि मी ते म्हणवून घेणार नव्हतो. ऑटोवाल्यानं ऑटो सुरू केला. तेवढ्यात नामदेव गोठ्यातून पळत आला. हातात परवाची तुपाची वाटी. मला काही कळायच्या आत त्यानं माझ्या शर्टावरून, जिथं माझा घट्टा आहे तिथं, तूप-हळद चोळली. नवा पांढरा शर्ट. मग वाकून कानाशी आला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास.

"दाजी, आज आवतन घ्या," म्हणाला, आणि अडला. उद्या जेवायला या म्हणावं तर आम्ही निघालेलो.  "पुढल्या पोळ्याले जेवायला या. ताई नाही, तरी या. हरण्या राहो का ना राहो."

मी कान झटकला. दुसरं काय करता येतं?

शर्टावरचा डाग सुनेनं दोनदा घासला. हळद ती, निघत नाही. म्हणाली, "बाबा, हा आता घरात घाला." घरातच घालतो. संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा अजून उजवी बाजू मोकळी राहते, ती राहणार. पण त्या घरात इंदूला कधी आवतन लागलं नाही आणि मी तिच्या मागून फुकट जेवत आलो. हे पहिलं, माझ्या एकट्याच्या नावाचं. आणि ते परत घेता येत नाही.